माणसाचें यंत्र करण्याचा खटाटोप

१

मुदखेडाहून धर्माबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उमरी हें गांव आहे. नांदेड जिल्ह्याबाहेरच्या वाचकास हें नांव ठाऊक असेल तर तें बहुधा एकाच प्रसंगामुळें. ३० जानेवारी १९४८ रोजीं हैदराबाद मुक्तिसंग्रामांतील सशस्त्र तरुणांनीं येथील स्टेट बँकेची शाखा लुटली आणि सुमारें वीस लाख रुपयांची रक्कम निजामी हद्दीबाहेर नेली. त्याच सायंकाळीं दिल्लींत महात्मा गांधींचा खून झाला, आणि उमरीची वार्ता त्या मोठ्या शोकांत बुडून गेली. पुढें सप्टेंबरांत संस्थान भारतांत विलीन झालें. संग्राम संपल्यावर चळवळीच्या पुढाऱ्यांनीं या रकमेचा हिशेब सरकारास सादर केला.

या कृत्याविषयीं कोणाचें मत कांहींहि असो; आमचें लक्ष हिशेबावर खिळतें. लुटलेल्या पैशाचा हिशेब मागणारें कोण होतें? पावती नव्हती, तपासनीस नव्हता, वेतन नव्हतें, बढतीची आशा नव्हती. हातीं शस्त्र असलेल्या आणि घरादारास मुकलेल्या माणसांच्या हातांतून ही रक्कम गेली आणि तरीहि तिचा जमाखर्च राहिला. असा माणूस कोणत्या शाळेंत घडतो, कोणत्या नियमावलीनें घडतो, आणि कोणत्या नियमावलीनें बिघडतो, हा प्रश्न आमच्या मनांत उमरीच्या नांवाबरोबरच उभा राहतो.

प्रश्न जुना असला तरी आजचा आहे. कारण गेल्या दोनशें वर्षांत शिक्षणाच्या आणि लोककल्याणाच्या क्षेत्रांत एक समजूत पुनःपुनः डोकें वर काढीत आली आहे. ती अशी कीं, माणूस हें एक यंत्र आहे. योग्य कळ दाबली, योग्य इंधन घातलें, आणि बाहेर पडणारा माल नीट मोजला, म्हणजे सुधारणा आपोआप होते. ही समजूत दुष्टांची नव्हे. ती पुष्कळदां अत्यंत सद्हेतूच्या माणसांची होती. म्हणूनच तिचा इतिहास तपासून पाहण्यासारखा आहे. आणि तो पाहण्यास मराठी मुलूख, त्यांतहि मराठवाडा, यापरतें जवळचें उदाहरण आम्हांस नको.

२

माणूस म्हणजे यंत्र, असें उघडपणें सांगणारा ग्रंथ ला मेत्री नांवाच्या फ्रेंच वैद्यानें १७४७ च्या अखेरीस लिहिला. तो तत्त्वज्ञानाचा वाद होता. शाळेशीं त्याचा संबंध नव्हता. शाळेंत यंत्र आलें तें निराळ्या वाटेनें, आणि नवल असें कीं, ती वाट हिंदुस्थानांतून गेली.

अँड्र्यू बेल नांवाचा स्कॉटिश पाद्री १७८९ पासून मद्रासेजवळ एग्मोर येथील अनाथ मुलांच्या शाळेवर होता. तेथील गांवठी शाळेंत मुलें वाळूवर अक्षरें गिरवितात आणि मोठीं मुलें लहानांस शिकवितात, हें त्यानें पाहिलें. तीच रीत त्यानें आपल्या शाळेंत आणिली, आणि विलायतेस परतल्यावर १७९७ सालीं तिजविषयीं एक पुस्तिका छापली. पुढच्याच वर्षीं जोसेफ लँकेस्टर यानें लंडनच्या बरो रोडवर अशीच शाळा काढली. एक शिक्षक आणि शेंकडों मुलें. मध्यें वर्गनायकांची उतरंड. घंटेबरोबर उठणें, घंटेबरोबर बसणें, हुकुमासरशीं पाटी वर करणें. त्या काळीं कापडाच्या गिरण्या नव्यानेंच चालूं झाल्या होत्या, आणि थोड्या खर्चांत पुष्कळ माल काढण्याचें त्यांचें कौशल्य सर्वांच्या डोळ्यांत भरलें होतें. कोलरिजसारख्या कवीनेंहि बेलच्या पद्धतीस वाफेच्या यंत्राची उपमा दिली, आणि ती निंदा म्हणून नव्हे तर स्तुति म्हणून दिली.

१८२० नंतरच्या दशकांत ही पद्धति मुंबई इलाख्यांत परत आली. एल्फिन्स्टन गव्हर्नर असतां मुंबईंत शाळा व शाळापुस्तकें यांसाठीं जी मंडळी स्थापन झाली, तिनें लँकेस्टरच्या धर्तीवर शिक्षक तयार करून ते जिल्ह्याजिल्ह्यांत पाठविले. त्या मंडळींत जर्व्हिस होते, सदाशिव काशीनाथ छत्रे होते. त्यांनीं मराठी शालेय ग्रंथांचा पाया घातला, आणि त्यांचें ऋण मोठें आहे. परंतु जातांना आणि येतांना या पद्धतींत पडलेला फरक लक्षांत घेतला पाहिजे. गांवच्या पंतोजीच्या शाळेंत मोठा मुलगा लहानाचा हात धरून धुळाक्षरें गिरवून घेई, तेव्हां ती दोघें एकाच आळींतलीं असत; कोणाचा बाप काय करतो, कोणाच्या घरीं कोण आजारी आहे, हें दोघांसहि ठाऊक असे. पंतोजीच्या छडीची आणि त्याच्या शाळेच्या दारावर थांबलेल्या जातींची आठवण ठेवूनच आम्ही हें म्हणतों. त्या शाळेचें गोडवे गाण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु विलायतेस जाऊन आलेल्या पद्धतींतून ती ओळख गळून पडली आणि कवाईत तेवढी उरली. संबंध गेला, सांगाडा राहिला.

३

यंत्रास एकदां शाळेंत जागा मिळाल्यावर त्याच्या उत्पन्नाची मोजणी होणें क्रमप्राप्तच होतें. इंग्लंडांत १८६२ सालीं रॉबर्ट लो याच्या पुढाकारानें असा नियम झाला कीं, वाचन, लेखन आणि गणित या तीन विषयांत जितकीं मुलें परीक्षेस उतरतील तितक्या प्रमाणांत शाळेस सरकारी मदत मिळावी. फळाप्रमाणें दाम. व्यवहाराच्या दृष्टीनें यापेक्षां सरळ गोष्ट कोणती? पण मॅथ्यू आर्नल्ड, जो कवि व टीकाकार असून पोटासाठीं शाळातपासनीस होता, त्यानें आरंभापासून या नियमास विरोध केला. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें होतें कीं, यामुळें शाळा जिवंतपणास मुकतील आणि परीक्षेची तयारी हीच शाळा होऊन बसेल. झालेंहि तसेंच. नेमलेलें पुस्तक मुलांकडून इतकें घोकून घेतलें जाई कीं, पुस्तक उलटें धरलें तरी मूल धडा बिनचूक म्हणून दाखवी. सरकारास हवा होता वाचणारा मुलगा. सरकारनें पैसे दिले ते म्हणून दाखविणाऱ्या मुलास. आणि मिळालाहि तोच. तीसेक वर्षांच्या अनुभवानंतर १८९० च्या दशकांत इंग्लंडानें हा नियम टाकून दिला.

मुंबई इलाख्यांतहि १८६० नंतर खाजगी शाळांच्या अनुदानांत हेंच तत्त्व शिरलें. १८८२ सालीं हंटर आयोग आला, तेव्हां जोतीराव फुले यांनीं आपलें निवेदन सादर केलें. तें निवेदन आजहि वाचावें. कारण त्यांत शाळेकडे खालून, म्हणजे शेतकऱ्याच्या अंगणांतून, पाहिलें आहे. प्राथमिक शाळेंत मोडी व बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांबरोबर शेतीची प्राथमिक माहिती, नीति आणि आरोग्य यांचे धडे असावे, असें त्यांनीं सुचविलें. शिक्षक शक्यतों शेतकरी वर्गांतून आलेला असावा, म्हणजे त्याला मुलांत मिसळण्याचा कमीपणा वाटणार नाहीं, आणि त्याचें वेतन बारा रुपयांहून कमी नसावें, असेंहि त्यांचें म्हणणें होतें. वर्षांतून एकदां येणाऱ्या तपासनिसाचा उपयोग नाहीं. शाळेची पाहणी निदान तीन महिन्यांतून एकदां आणि तीहि कधीं कधीं आगाऊ सूचना न देतां व्हावी, असें त्यांनीं मांडलें.

या सूचनांचें मर्म काय? जोतीरावांस मोजमापाचा तिटकारा नव्हता. उलट त्यांनीं अधिक तपासणी मागितली. पण त्यांची तपासणी शाळा कशी चालते हें पाहण्यासाठीं होती; ठरलेल्या दिवशीं ठरलेला माल मोजून घेण्यासाठीं नव्हती. शिक्षक कोणत्या घरांतून येतो, मुलास शाळेंतील गोष्ट शेतांत उपयोगी पडते कीं नाहीं, गरिबाचें पोर शाळेंत बसल्यानें घरची मजुरी बुडते तिचें काय, या प्रश्नांना यंत्रशास्त्रांत स्थान नाहीं. माणसाच्या शास्त्रांत तेच पहिले प्रश्न आहेत.

४

मराठवाडा मुंबई इलाख्यांत नव्हता. तो निजामाच्या राज्यांत होता. तेथें यंत्राचें स्वरूप निराळें होतें. १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें आणि उच्च शिक्षण उर्दू या देशी भाषेंतून देण्यास आरंभ झाला. इंग्रजीच्या त्या एकछत्री काळांत हा प्रयोग धाडसाचा होता; त्यासाठीं झालेलें शास्त्रीय ग्रंथांचें भाषांतरकार्य कोणाहि निःपक्षपाती माणसास आदरणीय वाटेल. परंतु देशी भाषेचें जें तत्त्व उर्दूस लागू झालें तें मराठी, तेलुगु आणि कानडी या बहुसंख्य प्रजेच्या भाषांस लागू झालें नाहीं. उमरीसारख्या गांवांत, जेथें घरीं मराठी आणि पलीकडच्या शिवारांत तेलुगु, तेथील मुलास प्राथमिक इयत्ता ओलांडतांच आपली भाषा दाराबाहेर काढून ठेवावी लागे. दरबारास कारभारासाठीं एका भाषेचे कारकून हवे होते, आणि शाळा हा त्यांचा सांचा होता. खाजगी शाळा काढावयाची तर पूर्वपरवानगी लागे. म्हणजे दुसरा सांचा घडविण्यासहि मोकळीक नव्हती.

सांच्यांतून निघालेली वस्तु सांच्याविरुद्ध बोलत नाहीं. माणूस बोलतो. १९३८ च्या अखेरीस औरंगाबादच्या महाविद्यालयांत आणि हैदराबादेस उस्मानियाच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनीं वंदे मातरम् म्हणण्याचा आग्रह धरला. अधिकाऱ्यांनीं बंदी घातली, हमी मागितली, काढून टाकण्याची शिक्षा फर्माविली. हिशेब असा होता कीं, पदवीसाठीं आलेला मुलगा पदवी जाण्याच्या भीतीनें वांकेल. शेंकडों विद्यार्थी वांकले नाहींत. त्यांनीं संस्थान सोडलें. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरु केदार यांनीं त्यांना आपल्याकडे जागा दिली. पुढें भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकींच एक. दरबाराची चूक गणिताची नव्हती. पदवीचें मोल त्यानें बरोबर ओळखलें होतें. पण त्या मुलांना दुसरेंहि कांहीं मोलाचें वाटूं शकतें, हें त्याच्या हिशेबांत नव्हतें.

याच काळांत संस्थानाच्या कोपऱ्यांत निराळ्या शाळा चालल्या होत्या. उस्मानाबाद जिल्ह्यांतील हिप्परगें या लहानशा गांवीं राष्ट्रीय शाळा होती. व्यंकटेश खेडगीकर हे तेथें मुख्याध्यापक म्हणून आले. त्यापूर्वीं ते कामगार पुढारी ना. म. जोशी यांचे सहकारी होते, आणि माणूस यंत्राजवळ उभा केला म्हणजे त्याचें काय होतें, हें त्यांनीं जवळून पाहिलेलें होतें. १९३२ सालीं त्यांनीं संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. पुढें ते व बाबासाहेब परांजपे अंबाजोगाईस योगेश्वरी शाळेंत गेले. या शाळांजवळ इमारती नव्हत्या, अनुदान नव्हतें. शिक्षक मुलांबरोबर राहत, त्यांच्याबरोबर श्रम करीत. अशा शाळांतून किती मुलें कोणत्या श्रेणींत उतरलीं याचा तक्ता कोणी काढला नाहीं. परंतु दहा वर्षांनीं मराठवाड्यांतील चळवळीच्या अग्रभागीं पाहावें तर शिक्षक आणि त्यांचे विद्यार्थी. उमरीच्या हिशेबाचें मूळ शोधावयाचें झाल्यास तें आम्हांस या बाजूस सांपडतें.

५

स्वराज्य आलें म्हणून यंत्राची समजूत गेली नाहीं. उलट राज्य आपलेंच असल्यामुळें तिजविषयींची भीति गेली. याचें सर्वांत कठोर उदाहरण १९७६ सालचें आहे. लोकसंख्या वाढते ही चिंता खरी होती. तिच्यावर उपाय म्हणून देशभर शस्त्रक्रियांचे आंकडे ठरले, आणि ते वरून खालीं वांटून देण्यांत आले. ठिकठिकाणीं शिक्षक, तलाठी आणि लहान नोकरदार यांच्यावर माणसें आणण्याचा भार पडला. महाराष्ट्राच्या विधिमंडळानें तर तीन मुलें असलेल्यांस शस्त्रक्रिया सक्तीची करणारें विधेयकच संमत केलें. राष्ट्रपतींची संमति न मिळाल्यामुळें तें अमलांत आलें नाहीं. १९७६-७७ या एका वर्षांत देशांत सुमारें ८२ लाख शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकीं सुमारें ६२ लाख पुरुषांच्या. आंकडा ठरविलेल्या उद्दिष्टापलीकडे गेला. यंत्र उत्तम चाललें.

दुसऱ्याच वर्षीं तो आंकडा दहा लाखांच्या खालीं आला. सरकार पडलें, खात्याचें नांव बदलून कुटुंबनियोजनाचें कुटुंबकल्याण झालें, आणि पुरुष त्या शस्त्रक्रियेपासून असा दूर गेला कीं, तेव्हांपासून तिचा जवळजवळ सर्व भार स्त्रियांवर पडला आहे. गांवांत शिक्षक आला म्हणजे लोक शेतांत पळत, असे ते दिवस होते. ज्या माणसाकडे आपलें पोर विश्वासानें सोंपवावयाचें त्याच माणसाची भीति वाटावी, याहून शिक्षणाचें मोठें नुकसान कोणतें? तें नुकसान कोणत्याहि तक्त्यांत आलें नाहीं, कारण विश्वास मोजण्याचा रकाना तक्त्यांत नव्हता.

६

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर लोक झोंपलेले असतां, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हांचा उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत सुमारें आठ हजार माणसें मेलीं. बहुतेक आपल्याच घरांच्या मातींत रचलेल्या दगडी भिंतींखालीं आणि माळवदाच्या ओझ्याखालीं. सरकारनें मोठ्या तडफेनें काम हातीं घेतलें. जागतिक बँकेचें कर्ज आलें, देशभरांतून मदत आली. त्या तडफेविषयीं आम्हांस आदरच आहे. पण या एकाच आपत्तींत, एकाच सरकारनें, एकाच वेळीं, दोन निरनिराळ्या रीतींनीं काम केलें. आणि इतिहासाच्या अभ्यासकास अशी तुलना क्वचितच मिळते.

पहिली रीत अशी. सर्वांत अधिक उद्ध्वस्त झालेलीं ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं. घरें जमिनीच्या धारणेप्रमाणें तीन मापांचीं ठरलीं: भूमिहीन व अल्पभूधारकांस २५० चौरस फूट, मधल्यांस ४००, मोठ्यांस ७५०. रस्ते काटकोनांत छेदणारे, घरें ओळींत, अंतरें सारखीं. नकाशावर तें शहरासारखें सुबक दिसलें. परंतु जुनें गांव आळ्यांचें होतें. भाऊबंद शेजारीं, लेक-सुना ओट्यावर, ढाळजेंत म्हातारे, मागें गोठा, आंत बळद. नव्या ओळींत कोणाच्या शेजारीं कोण येईल हें यादीनें ठरविलें. जनावरें कोठें बांधावीं, कणसें कोठें मळावीं, कडब्याची गंज कोठें रचावी, याचें उत्तर २५० चौरस फुटांत नव्हतें. गांव अनेक पटींनीं पसरलें, म्हणून पाण्याची वाट लांब झाली आणि म्हाताऱ्या माणसाचा दिवस एकाकी झाला. हळूहळू लोकांनीं त्या सिमेंटच्या घरांना पडव्या काढल्या, आडोसे उभे केले, भिंती घातल्या. म्हणजे सरकारनें जें घर दिलें त्याचें गांव लोकांनीं आपल्या हातानें केलें.

दुसरी रीत ज्या हजाराहून अधिक गांवांत घरें पडलीं नाहींत पण खिळखिळीं झालीं, तेथें चालली. तेथें पैसा घरमालकाच्या हातीं टप्प्याटप्प्यानें दिला. दुरुस्ती त्यानें स्वतः करावयाची, अभियंत्यानें सल्ला द्यावयाचा. गांवोगांवीं महिलांना संवाद-साहाय्यक म्हणून नेमलें. त्यांनीं घरोघर जाऊन भिंतीला आडवा बांध कसा घालावा, कोपरा कसा बांधावा, पैसे कशांत खर्च करावे, हें समजावून सांगितलें. आणि अभियंत्याचें कोठें चुकतें हें अभियंत्यासहि सांगितलें. या कामांत दोष नव्हते असें नाहीं. परंतु त्यांतून एक अशी गोष्ट निघाली जी पहिल्या रीतींतून निघूं शकत नव्हती. घराबाहेर फारशा न पडलेल्या स्त्रिया कचेरींत जाऊन हिशेब मागूं लागल्या, आणि त्यांचे गट भूकंपाचें काम संपल्यावरहि टिकले. पहिल्या रीतीनें घरें बांधलीं. दुसरीनें घरें बांधतांना माणसेंहि उभीं केलीं. कारण पहिलींत माणूस घर ठेवण्याचा माल होता, दुसरींत तो घर बांधणारा होता.

७

आतां लातूरच्या दुसऱ्या कीर्तीकडे वळावयास हवें. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत शालान्त व उच्च माध्यमिक परीक्षांच्या गुणवत्ता यादींत लातूरचीं मुलें एकामागून एक चमकूं लागलीं आणि 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर झाला. राजर्षि शाहू महाविद्यालय आणि त्याच्यासारख्या इतर संस्थांतील शिक्षक सुटींत शिकवीत, पुनःपुनः चांचण्या घेत, प्रत्येक मुलाची चूक शोधून काढीत. पुणें-मुंबईच्या मुलांशीं आमचीं कोरडवाहू शिवारांतलीं मुलें बरोबरी करूं शकतात, हें त्यांनीं सिद्ध केलें. ज्या घरांत आधीं कोणी दवाखान्याची पायरीहि भीतभीत चढे, त्या घरांत डॉक्टर झाला. हें यश लहान नाहीं, आणि त्याचा उपहास करणाऱ्यास मराठवाड्याची गरिबी ठाऊक नाहीं.

पण आरंभीं शिक्षकाच्या कष्टाचें जें फळ होतें तेंच पुढें कारखान्याचें तंत्र बनलें. चांचणी चूक समजण्यासाठीं होती. ती क्रम लावण्यासाठीं झाली. शिकवणीचे वर्ग वाढले, त्यांच्याभोंवतीं खोल्या, खानावळी, अभ्यासिका यांची एक बाजारपेठ उभी राहिली. नांदेडासहि तेंच झालें. उमरीच्या फलाटावर सकाळच्या गाडीची वाट पाहणारीं मुलें दिसतात. पाठीवर ओझें, हातांत प्रश्नसंच. त्यांतील एखाद्यास तूं काय वाचतोस असें विचारलें, तर तो विषय सांगत नाहीं. किती गुण आले हें सांगतो. २०२४ सालीं वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेंतील गैरव्यवहाराची चौकशी लातुरापर्यंत पोहोंचली आणि तेथील शिक्षकांस अटक झाली. दोष कोणाचा हें न्यायालय पाहील. आमच्यापुढें प्रश्न निराळा आहे: जेथें गुण हाच माल, तेथें मालाची चोरी होणार नाहीं अशी अपेक्षा आम्ही कोणत्या आधारावर करतों? डोनाल्ड कँपबेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९७० च्या दशकांत असें दाखवून दिलें कीं, एखाद्या आंकड्यावर जितके अधिक निर्णय टांगावे, तितका तो आंकडा भ्रष्ट होतो आणि ज्याचें मोजमाप करावयाचें तें कार्यहि बिघडवितो. तापमापक तापाला बिघडवीत नाहीं. पण माणसास आपण मोजले जात आहों हें कळतें, आणि मोजणाऱ्यास काय हवें हेंहि कळतें. यंत्र आणि माणूस यांतील सर्व भेद बाजूस ठेवले तरी हा एक भेद उरतो, आणि सर्व धोरण त्यावरच अडखळतें.

८

येथें एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. लाखों मुलें, लाखों कुटुंबें. प्रत्येकाचें मन ओळखीत बसल्यास राज्य चालावयाचें कसें? आणि दुसरें असें कीं, ज्यास तुम्ही ओळख म्हणतां ती आमच्या समाजांत जात पाहून होत आली आहे. पंतोजी मुलाचें घराणें ओळखून होता, म्हणूनच तर कित्येकांना त्यानें पायरीबाहेर बसविलें. परीक्षेचा कागद निदान जात विचारीत नाहीं. ज्यांना माणूस म्हणून कोणी मोजलेंच नाहीं, त्यांना आंकड्यांत मोजलें जाणें ही देखील मुक्तीच वाटली.

हा आक्षेप आम्ही मान्य करतों. सर्वांस एकच नियम, नांव झांकलेली उत्तरपत्रिका, उघड हिशेब, यांवांचून न्याय नाहीं. परंतु डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९५० सालीं औरंगाबादेस महाविद्यालय काढलें, तेव्हां परीक्षेचें दार उघडून ते थांबले नाहींत. खेड्यांतून आलेल्या मुलांसाठीं वसतिगृह, ग्रंथालय, मोकळा परिसर यांची त्यांनीं चिंता वाहिली. कारण नियमानें दार उघडतें, पण दारांतून आंत येणाऱ्याचे पाय कोणत्या वाटेनें रक्ताळले हें नियमास कळत नाहीं. आणि त्या महाविद्यालयास पुढें नांव मिळालें तें मिलिंदाचें: नागसेनास प्रश्नावर प्रश्न विचारणाऱ्या राजाचें. ज्यांच्या पूर्वजांस प्रश्न विचारण्याची सोयच नव्हती, त्यांच्या मुलांपुढें प्रश्नकर्त्याचा आदर्श ठेवला, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. यंत्रास उत्तर देतां येतें. प्रश्न विचारण्याचा अधिकार माणसाचा.

तेव्हां भेद मोजावें कीं मोजूं नये हा नाहीं. मोजमाप समजून घेण्यासाठीं आहे कीं हांकण्यासाठीं आहे, हा भेद आहे. जोतीरावांची न सांगतां येणारी तपासणी, किल्लारीच्या परिसरांतील गांवांत बाईनें अभियंत्याजवळ मागितलेला हिशेब, लातूरच्या जुन्या शिक्षकानें मुलाची चूक शोधण्यासाठीं घेतलेली चांचणी, हीं सर्व मोजमापेंच होत. त्यांत मोजणारा आणि मोजला जाणारा एकमेकांस बोलूं शकत होते. आंकडा चुकला तर तो चुकला असें सांगणारें कोणी होतें. उलट शाळेच्या दामाचा नियम, शस्त्रक्रियांचा वांटा, तीन मापांचें घर, यांत खालून वर बोलण्याची वाटच ठेवलेली नव्हती. म्हणून चूक कळली ती तेव्हां, जेव्हां माणसें पळालीं, सोडून गेलीं, किंवा खोटें बोलूं लागलीं.

९

आरंभीं काढलेल्या प्रश्नाकडे परत जाऊं. उमरीच्या लुटीचा जमाखर्च ठेवणाऱ्यांस कोणी तसें करावयास भाग पाडलें नव्हतें. चोख हिशेब ही परीक्षा असती आणि तिच्यावर बढती अवलंबून असती, तर कदाचित् हिशेब अधिक सुबक झाला असता. तो अधिक खरा झाला असता असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. त्या माणसांचें मोठेपण सांगून आजच्यांना लाजविण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यांच्यांतहि उणिवा होत्या, आणि शस्त्रांच्या मार्गाविषयीं त्यांचे आपसांतहि मतभेद होते. परंतु ज्या थोड्याशा शाळांच्या आणि शिक्षकांच्या सहवासांत ती चळवळ वाढली, तेथें त्यांना कोणीतरी माणूस समजून वागविलें होतें, त्यांच्यावर विश्वास टाकला होता. आणि विश्वास टाकलेला माणूस बहुधा तो सांभाळतो.

आज उमरीच्या फलाटावर उभ्या असलेल्या मुलास आम्ही काय देत आहों? प्रश्नसंच देतों, वेळापत्रक देतों, क्रमांक देतों. त्याला यांची गरज नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. घरची परिस्थिति पाहतां ती फारच आहे. पण वर्षाकांठीं एकदां तरी एखाद्या शिक्षकानें त्याला गुण न विचारतां दुसरें कांहीं विचारावें, आणि त्याचें उत्तर ऐकण्यास गाडी सुटेपर्यंत थांबावें. एवढी सोय कोणत्याहि योजनेंत लिहितां येणार नाहीं. ती शिक्षकानें करावयाची आहे; आणि शिक्षकास ती करतां यावी इतका वेळ व इतका मान त्याच्याजवळ उरूं देणें, हें राज्याचें काम आहे.